मुंबई–लंडन हवाई अंतर

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किमी. (सुमारे ३,९०० सागरी मैल) आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन टोकांमध्ये दोरी ताणून धरावी, तशी ही सर्वांत आखूड वाट. सपाट नकाशावर पट्टीने रेघ ओढली, तर ती दक्षिण तुर्कस्तानातून जाते. आखूड वाट मात्र तिच्या बरीच उत्तरेला आहे. ती सौराष्ट्रावरून कराचीजवळ येते आणि बलुचिस्तान, इराण, कास्पियन समुद्राचा दक्षिण काठ, कॉकेशस, क्रिमिया, युक्रेन व जर्मनी यांवरून लंडन गाठते.

कराची या वाटेवर पडते, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची लंडन–कराची सेवा १९२९ मध्ये सुरू झाली. पुढची टपाल हवेतून मुंबईला आणण्याचे काम जे. आर. डी. टाटा यांनी अंगावर घेतले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते स्वतः छोटे विमान चालवत कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले. मुंबई–लंडन हवाई सेवेचा विचार त्या दिवसापासून करायला हवा. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनीव्हा येथे थांबत लंडनला पोहोचले. याच विमानाला ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँ पर्वतावर अपघात झाला आणि त्यातील सर्व ४८ जणांचा मृत्यू झाला. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमाने आली आणि प्रवासाचा वेळ झपाट्याने उतरला.

ताशी ९०० किमी. वेग धरला, तर ७,२०० किमी.ला आठ तास पुरावेत. वेळापत्रकात मात्र मुंबईहून लंडनला साधारण साडेनऊ ते साडेदहा तास आणि परतीला नऊच्या आसपास तास दिसतात. दहा–बारा किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, म्हणजे जेट प्रवाह, हे जाण्या-येण्याच्या वेळेतील फरकाचे मुख्य कारण. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किमी.च्याही पुढे जातो. जाताना ते आडवे येतात, येताना पाठीशी असतात. शिवाय वेळापत्रकातील वेळ विमान फाटकावरून हलल्यापासून पुन्हा फाटकाशी लागेपर्यंतची असते. धावपट्टीसाठीची रांग आणि हीथ्रोवर उतरण्यापूर्वी हवेत घालाव्या लागणाऱ्या घिरट्या तिच्यातच धरलेल्या असतात.

वाऱ्याइतकाच परिणाम राजकारणाचा होतो. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झाले, त्यामुळे आखूड वाटेचा मधला तुकडाच गेला. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपल्या हवाई हद्दीतून जाण्यावर निर्बंध घातले. २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना तिथे पुन्हा मज्जाव झाला. अशा वेळी भारतीय विमाने अरबी समुद्रावरून आखाताकडे वळसा घालतात. २०२५ ची बंदी मात्र ब्रिटिश विमानांवर नव्हती. त्यामुळे एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, विमानाच्या शेपटीवरील देशानुसार वेळ बदलू शकतो. म्हणून या मार्गासाठी तासांचा एकच आकडा देणे योग्य नाही.

घड्याळाच्या हिशेबात लंडन हिवाळ्यात मुंबईच्या साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. दहा तास उडालेला प्रवासी त्यामुळे तिथल्या घड्याळाप्रमाणे हिवाळ्यात साडेचार, तर उन्हाळ्यात साडेपाच तासांतच पोहोचतो.