रोड्स बेटावरील युद्धतहकुबी

रणांगणावर तोफा थंडावणें आणि दोन राष्ट्रांमध्यें शांतता नांदणें या दोन गोष्टी एकच नव्हेत. इ. स. १९४९ मध्यें भूमध्य समुद्रांतील रोड्स बेटावर ज्या वाटाघाटी झाल्या, त्यांच्या इतिहासावरून हा भेद स्पष्ट होतो.

१४ मे १९४८ रोजीं इस्रायलच्या राज्याची घोषणा झाली आणि दुसऱ्याच दिवशीं अरब राष्ट्रांशीं उघड युद्ध जुंपलें. संयुक्त राष्ट्रसंघानें स्वीडनचे काउंट बर्नाडोट यांस मध्यस्थ नेमिलें. परंतु १७ सप्टेंबर रोजीं जेरुसलेममध्यें ज्यू अतिरेक्यांनीं त्यांचा वध केला. तें अवघड काम मग त्यांचे सहकारी राल्फ बंच यांच्याकडे आलें. बंच हे अमेरिकेंतील एक कृष्णवर्णीय विद्वान होते.

१३ जानेवारी १९४९ रोजीं इजिप्त व इस्रायल यांच्या प्रतिनिधींची बोलणीं सुरू झालीं. दोन्ही पक्ष एकाच हॉटेलांत उतरले होते. बंच प्रथम एकेका पक्षास निराळें भेटत, एकाचें म्हणणें दुसऱ्यास कळवीत, आणि मतभेद कमी झाल्यावरच दोघांस एकत्र बसवीत. कायमच्या सरहद्दी, निर्वासित आणि जेरुसलेम हे प्रश्न त्यांनीं मुद्दाम बाजूस ठेविले. सैन्यानें कोठें थांबावें एवढाच विषय समोर घेतला. त्यांत फलुजा येथें वेढ्यांत सांपडलेल्या सुमारे ४,००० इजिप्शियन सैनिकांच्या सुटकेचा प्रश्न होता. पुढें इजिप्तचे अध्यक्ष झालेले गमाल अब्देल नासर त्या सैनिकांतच होते. अखेर २४ फेब्रुवारीस करार झाला आणि ते सैनिक मायदेशीं परतले. त्यामागून २३ मार्चला लेबनॉननें, ३ एप्रिलला जॉर्डननें आणि २० जुलैला सीरियानें तहकुबीवर सह्या केल्या. इ. स. १९५० चें नोबेल शांतता पारितोषिक बंच यांस मिळालें.

बाजूस ठेविल्यामुळें ते मोठे प्रश्न मात्र मिटले नव्हते. इजिप्तशीं झालेल्या करारांतच असें नमूद होतें कीं, ही रेषा म्हणजे राजकीय सरहद्द नव्हे. सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी अरब घरांदारांस मुकले होते. त्यांच्या वतीनें बोलणारा स्वतंत्र पक्ष रोड्सच्या बैठकींत नव्हता. त्याच वर्षीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें कायमच्या तहाची खटपट झाली. निर्वासितांचा प्रश्न आधीं सोडवा, असें अरबांचें म्हणणें. तो संपूर्ण तहाबरोबरच सुटेल, असें इस्रायलचें. या पेंचांतून कोणासही वाट काढतां आली नाहीं. नकाशावर हिरव्या शाईनें काढलेली ती तात्पुरती रेषा इ. स. १९६७ च्या युद्धापर्यंत सरहद्दीसारखीच वापरली गेली.

इजिप्तशीं खरा तह होण्यास २६ मार्च १९७९ हा दिवस उजाडावा लागला, आणि जॉर्डनशीं होण्यास २६ ऑक्टोबर १९९४. मधल्या काळांत युद्धांवर युद्धें झालीं. १३ सप्टेंबर १९९३ रोजीं वॉशिंग्टन येथें इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यांत करार झाला. पण तेथेंही सरहद्दी, निर्वासित आणि जेरुसलेम हेच प्रश्न पुढील बोलण्यांवर सोपविले गेले.

बंच यांनीं जें केलें त्यायोगें सहस्रावधि प्राण वांचले, आणि त्या घटकेस त्याहून अधिक कांहीं साधणें शक्यही नव्हतें. तथापि तहकुबीनें मिळते ती केवळ सवड. त्या सवडींत अवघड प्रश्नांस हात घालावयाचा असतो. तो घातला नाहीं, तर तेच प्रश्न पुढील पिढीपुढें पुन्हां शस्त्रें घेऊन उभे राहतात.