तळटीप १४ : युरिएज, ३.५.१.५

१४. युरिएजपुढचा हा आकडा छापण्यातली चूक नव्हे. विकरांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला तो क्रमांक आहे. पहिला ३ म्हणजे पाण्याच्या साहाय्याने बंध तोडणारा वर्ग. त्यातला ५ कार्बन-नायट्रोजन बंधांसाठी (पेप्टाइड बंध वेगळ्या खात्यात), १ सरळ साखळीच्या अमाइडांसाठी, आणि शेवटचा ५ नुसता अनुक्रम. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की क्रमांक रेणूला नसून अभिक्रियेला दिलेला असतो. म्हणूनच जॅकबीनच्या (आपल्या आबईची भाऊबंद) दाण्यातले युरिएज आणि जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीचे युरिएज रचनेने वेगळी असूनही एकाच क्रमांकाखाली येतात. १९६१च्या अहवालात असे सहा वर्ग होते. सातवा, पटलापार वाहतुकीचा, २०१८ साली आला. जुन्या क्रमिक पुस्तकांत सहाच सापडतील.

लेखकाने ‘विकर अभिक्रिया घडवून आणते’ असे म्हटले आहे, ते जरा सैल आहे. युरिया पाण्यात आपणहून फुटतोच, पण त्याला वर्षे लागतात. युरिएजच्या क्रियास्थळी निकेलचे दोन अणू असतात. ते युरियाला आणि पाण्याला नेमके जागेवर धरतात, मधला ऊर्जेचा चढ उतरतो आणि तेच काम क्षणार्धात उरकते. समतोल मात्र जिथे असायचा तिथेच राहतो.

जेम्स समनरने १९२६ साली याच युरिएजचे स्फटिक मिळवून विकर हे प्रथिन असल्याचे दाखवले. (तेही एका हाताने, दुसरा तरुणपणी शिकारीतल्या अपघातात गेला होता.) मातब्बरांनी ते मानले नाही. नोबेल मिळायला १९४६ उजाडले. — संपा.