शेतीसाहाय्य, वऱ्हाडातील

अमरावती, अकोला व लगतच्या बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना तगाई, कर्जमाफी, अनुदान वा नुकसानभरपाई या रूपांनी मिळणारी शासकीय मदत. योजनांची नावे वेळोवेळी बदलली, तरी ही मदत प्रायः जमिनीच्या नोंदीवरून दिली गेली. शेत प्रत्यक्ष कोण कसतो, हा प्रश्न बाजूस राहिला.

या पद्धतीचे मूळ जमाबंदीत आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिल्यावर १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. सारा भरणारा खातेदार हाच सरकारच्या दृष्टीने शेतकरी ठरला. जमीन सुधारणा कर्जे (१८८३) व शेतकरी कर्जे (१८८४) या अधिनियमांखालील तगाई जमिनीच्या तारणावर मिळे. १८९९–१९०० च्या दुष्काळात तिचे वाटप झाले. तथापि शेतकऱ्याची मुख्य भिस्त सावकारावरच राहिली.

विदर्भ विभागासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट अधिनियमाने कुळांना संरक्षण दिले. त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा, की कुळाचा हक्क लागू नये म्हणून जमीनमालक लेखी करार टाळू लागले. मक्ता व बटई थांबली नाही. ती तोंडी झाली आणि कागदावरून नाहीशी झाली. १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत साहाय्य हमीभावातून मिळे. ज्याचा कापूस अधिक, त्यास लाभ अधिक.

आत्महत्यांचे प्रमाण वाढल्यावर १ जुलै २००६ रोजी वऱ्हाडचे पाच जिल्हे व वर्धा यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तीत ७१२ कोटींची व्याजमाफी होती. तिच्यातील दुभत्या जनावरांचे अनुदानित वाटप, चारा व पाणी यांची वाण असलेल्या कोरडवाहू गावांत, लाभापेक्षा भारच ठरण्याजोगे होते. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या खातेदारांचे थकीत पीककर्ज पूर्ण माफ झाले; त्याहून मोठ्या खातेदारांना उर्वरित रक्कम भरण्याच्या अटीवर २५ टक्के किंवा, निवडक जिल्ह्यांत, २०,००० रु. यांपैकी अधिक असेल तेवढी सूट मिळाली. ओलिताचे दोन हेक्टर आणि पावसावरचे दोन हेक्टर यांस एकच माप लावणे वऱ्हाडास मारक होते. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने विहिरीचाही आधार नाही. तेथील तीन हेक्टरांचा कपाशी पिकवणारा शेतकरी मात्र कागदोपत्री ‘मोठा’ ठरला. सावकाराचे देणे या माफीबाहेरच राहिले. राज्य शासनाच्या २०१७ व २०१९ च्या कर्जमाफी योजनांत क्षेत्राची अट नव्हती. कर्जाची मर्यादा अनुक्रमे दीड व दोन लाख रु. होती.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीतून वर्षाला ६,००० रु. थेट बँक खात्यात जमा होऊ लागले व २०२३ पासून राज्याने तेवढीच भर घातली. मध्यस्थ वगळले गेले, हा खरा लाभ होय. परंतु पात्रता पुन्हा भूधारकाचीच. मक्तेदार आणि सालदार तीत बसत नाहीत.

आत्महत्याग्रस्त कुटुंबाच्या साहाय्यासही हीच कसोटी लागली. २००६ च्या शासन निर्णयानुसार एक लाख रुपयांपैकी ३०,००० रोख व ७०,००० ठेवीच्या रूपाने देण्याचे ठरले. त्यासाठी कुटुंबाच्या नावे शेतजमीन, बँक, सहकारी संस्था वा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि परतफेडीचा तगादा सिद्ध व्हावा लागे. मक्त्याने शेत करणाऱ्याची विधवा, घरी सातबारा नसल्यास, पहिल्याच अटीवर अपात्र ठरे.