चुंबकीय अनुनाद आणि विजेचा पल्ला
* चुंबकीय अनुनादाने तारेविना वीज पोहोचवण्याचा प्रयोग २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मरीन सोल्याचिच यांच्या गटाने केला. तांब्याच्या तारेची, सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची दोन वेटोळी त्यांनी एकाच वारंवारितेला, जवळपास १ कोटी हर्ट्झला, जुळवली. ताल साधला की हलक्या धक्क्यांनीही झोका चढत जातो, तसेच हे. दोन मीटरवरचा ६० वॅटचा दिवा उजळला. मध्ये माणसे उभी असतानाही तो पेटलेलाच राहिला.

हिशेबही पाहायला हवा. वेटोळ्यातून वेटोळ्यात सुमारे ४० टक्के ऊर्जा पोहोचली. भिंतीतल्या प्लगपासून मोजली तर जेमतेम १५ टक्के.

पल्ला वाढवण्याचा फार देखणा उपाय म्हणजे वाटेत त्याच वारंवारितेचे, कोणत्याही तारेला न जोडलेले तिसरे वेटोळे ठेवणे. ते ऊर्जा उचलून पुढे देते; मात्र तारेच्या रोधामुळे प्रत्येक टप्प्यावर थोडी उष्णतेत जातेच. — संपादक