पोपटाचा ताप आणि गाळणीची चूक

स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी १८७९ साली एकाच घराशी संबंध आलेली सात माणसं न्यूमोनियासारख्या तापाने आजारी पडली. तिघं दगावली. डॉ. याकोब रिटर यांनी प्रत्येक रुग्णाची बारकाईने नोंद केली. त्यांचा संशय त्या घरातल्या पिंजऱ्यांतल्या परदेशी पक्ष्यांवर गेला. पुढे पोपटाच्या ग्रीक नावावरून या रोगाला ‘सिटॅकोसिस’ म्हणू लागले.

पण रोगजंतू कोणता? १८९२ साली पॅरिसमध्ये साथ आली. मेलेल्या पोपटांच्या पंखांतून नोकार यांनी १८९३ मध्ये एक जिवाणू वेगळा केला. गुन्हेगार सापडला असं वाटलं. मात्र नंतरच्या अनेक रुग्णांत तो सापडेना.

१९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून पाठवलेल्या पोपटांबरोबर रोग अनेक देशांत पोहोचला. वॉशिंग्टनच्या हायजिनिक लॅबोरेटरीत चार्ल्स आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहायक हेन्री अँडरसन त्याचा शोध घेत होते. दोघांनाही लागण झाली. आर्मस्ट्राँग वाचले, अँडरसन गेले. त्याच वर्षी लंडनमध्ये बेडसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून हा रोगकारक पार जातो. तो जिवंत पेशींबाहेर वाढतही नव्हता. म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे तो विषाणू ठरला!

तरी एक गोष्ट खटकत होती. टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांनी रोगी बरे होत होते. विषाणूंवर तर प्रतिजैविकं चालत नाहीत. हळूहळू पुरावे जमले: या सूक्ष्मजीवात डीएनए आणि आरएनए दोन्ही असतात, स्वतःचे रायबोसोम असतात, आणि तो दुभंगून वाढतो. १९६६ साली जेम्स मोल्डर यांनी हे पुरावे एकत्र मांडले. तो जिवाणूच होता, फक्त फार लहान: पेशीबाहेर त्याचा आकार सुमारे ०.३ मायक्रोमीटर. आज त्याला ‘क्लॅमिडिया सिटासी’ म्हणतात. पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे आत गेली की माणसाला लागण होते.

‘गाळणीतून जातो तो विषाणू’ ही व्याख्या आपल्या सोयीची होती. निसर्गाने ती पाळायचं कबूल केलं नव्हतं. वर्गात जिवाणू-विषाणूंचा तक्ता फळ्यावर काढताना आपण ही गोष्ट जरूर सांगावी. आणि रिटर यांचीही: त्यांना जंतू दिसला नव्हता, पण पिंजऱ्याकडे त्यांचं लक्ष सर्वांत आधी गेलं होतं.