अर्धांगिनीच्या वाट्याचा कर

गोंदियाजवळच्या बिरसीतील आणि गोव्यातल्या मडगावातील दाम्पत्ये प्राप्तिकर कायद्याच्या दृष्टीने सारखी नाहीत. बिरसीत पती-पत्नींची करआकारणी सामान्यतः स्वतंत्र असते. पतीने दडवलेल्या कमाईचा भार त्याच्यावरच पडतो. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० मध्ये लागू झाली. तिच्यानुसार, वेगळा करार नसल्यास विवाहाबरोबर मालमत्ता सामाईक होते. म्हणून १९९४ साली प्राप्तिकर कायद्यात कलम ५अ आले: अशा दाम्पत्याचे, पगार वगळता, सारे उत्पन्न निम्मे-निम्मे वाटून आकारावे. पतीने व्यापारात लपवलेल्या नफ्याचा अर्धा भागही मग तत्त्वतः पत्नीचाच ठरतो. मूळ संहितेने मात्र सामाईक मालमत्तेचा कारभार पतीच्या हाती ठेवला होता.

याज्ञवल्क्यस्मृतीचा न्याय निराळा आहे. पतीचे ऋण पत्नीने फेडावे ते कुटुंबासाठी काढलेले असेल, तिने मान्य केले असेल किंवा दोघांनी मिळून काढले असेल तरच. जबाबदारी नात्यातून आपोआप येत नाही. तिला प्रयोजन वा संमती लागते. संयुक्त विवरणपत्रावर सही करणाऱ्या अजाण जोडीदाराला अमेरिकेने कायद्याने सवलत दिली ती १९७१ साली. उत्पन्नाची समान वाटणी हा स्त्रीचा मोठाच हक्क आहे. पण हिशेब पाहण्याचा हक्क त्याच्या जोडीला नसेल, तर तिच्या वाट्याला केवळ देणे उरते.