खारी सरोवरे : प्लवक व जंबुपार प्रारण

खाऱ्या सरोवरांत व मिठागरांत तरंगणारे सूक्ष्मजीव म्हणजे तेथील प्लवक. ही सरोवरे बहुधा कोरड्या, निरभ्र प्रदेशांत असून पुष्कळशी उथळ असतात. त्यामुळे प्लवकांवर सूर्याच्या जंबुपार प्रारणाचा (दृश्य जांभळ्या प्रकाशापलीकडील, २८० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांचा) मारा होतो. त्यांच्या बचावाचा शोध मात्र पाण्याच्या लाल रंगाविषयीच्या कुतूहलातून लागला.

फ्रान्सच्या भूमध्य समुद्रकाठी मिठागरांतील पाणी आटून तीव्र झाले की लाल होई. आर्टेमिया या लहान कवचधारी प्राण्यामुळे असे होते, असे काहींचे मत होते. माँपेल्ये येथील मीशेल फेलिक्स द्यूनाल यांनी १८३८ मध्ये या पाण्यातील लाल सूक्ष्म शैवलाचे वर्णन केले. हे सूक्ष्मजीव खाल्ल्यामुळेच आर्टेमियाला लाली येते, असे निकोला झॉली यांनी १८४० मध्ये प्रतिपादिले. रूमानियातील टेओडोरेस्को यांनी १९०५ मध्ये द्यूनाल यांच्या नावावरून या शैवलाच्या प्रजातीस ड्युनालिएला हे नाव दिले.

रंगाचे कारण कळले, तरी प्रयोजन कळण्यास बराच काळ जावा लागला. हा रंग बीटा-कॅरोटिनाचा असून प्रखर प्रकाशात व अतिलवणतेत ते कोशिकेत साठते. हा साठा पडद्याप्रमाणे निळा प्रकाश शोषून कोशिकेचे रक्षण करतो, असे बेन-आमोत्झ, शाइश व अव्ह्रॉन या इझ्राएली शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये दाखविले. दीर्घ तरंगलांबीच्या जंबुपार किरणांनीही हा साठा वाढतो, असे पुढे आढळले. ३१५ नॅनोमीटरहून आखूड किरणांमुळे मात्र डीएनएच्या रेणूतील शेजारचे घटक एकमेकांस जोडले जातात. तेथे हा पडदा एकटा पुरत नाही. लवणप्रिय सूक्ष्मजंतूंमध्ये अशी हानी दृश्य प्रकाशाच्या साहाय्याने कार्य करणारे एंझाइम दुरुस्त करते.

अंटार्क्टिकावरील ओझोनाचा ऱ्हास १९८५ मध्ये उघडकीस आल्यावर या विषयास व्यावहारिक महत्त्व आले. १९८७ च्या माँट्रिऑल करारामुळे ओझोननाशक द्रव्यांच्या उत्पादनास आळा बसला. सरोवरांपुढील दुसरे संकट मात्र स्थानिक आहे. नद्यांचे पाणी वळविल्याने किंवा अवर्षणाने सरोवर आटले, की प्लवकांवरील पाण्याचा थर पातळ होतो व लवणता वाढते. इराणमधील ऊर्मिया सरोवर २०१६ मध्ये लाल दिसले. महाराष्ट्रातील लोणार सरोवर २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेस त्याचे कारण लवणप्रिय सूक्ष्मजीवांत आढळले. असा रंग जीवांच्या तग धरण्याची खूण असतो, तसाच तो पाणी आटत असल्याचा इशाराही ठरू शकतो.